भयाची वर्दी आणि मेंदूतील ग्राही

संकटाची नुसती चाहूल लागताच छाती धडधडू लागावी, तळहातांना घाम सुटावा, आणि संकट टळल्यावरही चित्त ठिकाणावर येऊ नये, या अवस्थेत मेंदूतील ज्या द्रव्याचा मोठा अंमल चालतो, ते कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेत वायली व्हेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली मेंढ्यांच्या मेंदूतून वेगळे केले. सी. आर. एफ. नावाची ही ४१ अमिनो आम्लांची साखळी म्हणजे केवळ वर्दी. पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिनाने ती रुजू करून घेतली, तरच पुढील कारवाई होते. सी. आर. एफ.च्या ग्राहींपैकी पहिल्या प्रकारचा ग्राही जन्मतःच नसलेले उंदीर उघड्या, उजेडाच्या जागीही तुलनेने निर्भयपणे वावरतात असे आढळल्यावर, हा ग्राही अडविणारी औषधे चिंताविकारावर गुणकारी ठरतील अशी उमेद संशोधकांनी बाळगली; परंतु मनुष्यांवरील चाचण्यांत ती बव्हंशी फोल ठरली, आणि उंदराच्या भित्रेपणावरून माणसाच्या काळजीचे अनुमान बांधणे हे, माझ्या मते, मुळातच धाडसाचे होते. याच वर्गातील क्रिनेसरफॉन्ट हे औषध २०२४ साली अमेरिकेत मंजूर झाले, ते मात्र चिंतेसाठी नव्हे, तर मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींच्या एका जन्मजात व्याधीसाठी.