पित्ताचे खडे आणि चांदीची वाटी

(मंडळाच्या आरोग्यविषयक सभेत केलेलं भाषण. छापण्यासाठी थोडं आवरून घेतलं आहे.)



सुरुवात कबुलीने करावी लागणार आहे. 2022 च्या फेब्रुवारीत आमच्या सौ.चं ऑपरेशन झालं, तेव्हा इथे बसलेल्या निम्म्या लोकांना आम्ही सांगितलं की पित्ताचे खडे होते. ते खोटं होतं. ऑपरेशन वजन कमी करण्याचं होतं. तुमच्यापैकी काही जणांनी तेव्हा डबे आणले. कोणी मऊ खिचडी, कोणी जिरेभात, एका काकूंनी तर पुरणपोळ्याच. हिला त्या दिवसांत वरणाच्या पाण्यापलीकडे काही चालत नव्हतं. ते सगळे डबे कोणी संपवले, हे आमच्याकडे बघून तुमच्या लक्षात येईलच.

ही स्वतः बोलायला तयार नाही. पण हे भाषण हिने दोनदा वाचलं आहे आणि दोन ठिकाणी खोडलंही आहे. म्हणून सगळीकडे 'आम्ही' म्हणतो आहोत.

खोटं का बोललो? लाज वाटली म्हणून. 'खाणं कमी करता येत नाही म्हणून पोट कापून घेतलं' हे वाक्य आम्ही दुसऱ्यांबद्दल ऐकलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर बोललोही होतो. हिची उंची पाच फूट दोन इंच आणि वजन 112 किलो. बारा वर्षांत मेघदूत उपवनाच्या किती फेऱ्या झाल्या, किती वेळा भात बंद, साखर बंद, रात्रीचं जेवण बंद. आठ किलो उतरायचे, दहा परत यायचे. मधुमेहाच्या तीन गोळ्या होत्या, गुडघे जिना चढू देत नव्हते. रात्री घोरता घोरता श्वास थांबायचा. आम्ही शेजारी जागे राहून पुढचा श्वास कधी येतो ते मोजायचो. त्या मोजण्याने निर्णय झाला. पैशांचं कसं जमवलं ते सांगत बसत नाही. नोकरदार माणसाला ते सांगायला नको.

ऑपरेशनला 'स्लीव्ह' म्हणतात. पोटावर चार-पाच लहान भोकं पाडून दुर्बिणीने करतात. जठराचा बाहेरच्या बाजूचा जवळजवळ 75 ते 80 टक्के भाग कापून काढतात, उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. आम्ही पॉलिटेक्निकवाले, जलसंसाधन विभागातले. आम्हांला वाटलं, टाकी लहान केली की काम झालं. डॉक्टर म्हणाले, एवढंच नाही. भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं आणि तो भागही जातो. म्हणजे टाकीबरोबर घंटाही काढली.

पहिले दोन आठवडे फक्त पातळ: वरणाचं पाणी, गाळलेलं ताक, प्रथिनांची पावडर. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात पाणीसुद्धा घोट घोट प्यावं लागतं, दोन घोट एकदम घेतले की छातीत दगड बसल्यासारखं होतं. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत, आणि पोट तर वाटीएवढं. बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आता जन्मभर. त्यातही लोह आणि कॅल्शियम एका वेळी घ्यायचं नाही, मध्ये दोन तास. आमच्या फ्रिजवर अजून तक्ता लावलेला आहे.

दुसऱ्या महिन्यात एका सकाळी हिने हट्टाने चमचाभर पोहे खाल्ले. इंदूरच्या माणसाला तेवढं तरी नको का? अडकले. अर्धा तास बेसिनपाशी उभी होती. त्या दिवशी ही रडली, पण दुखलं म्हणून नव्हे. म्हणाली, "आता मी इथली राहिले नाही."

हे वाक्य आम्हांला तेव्हा कळलंच नाही. शरीराचं काय होणार ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. घराचं काय होणार ते कोणी सांगितलं नव्हतं. लग्न झाल्यापासून आम्ही हिच्यावर प्रेम कसं दाखवलं? शनिवारी छप्पनवरून काहीतरी आणून. भांडण झालं की रात्री सराफ्यात. थंडीत गराडू, पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस. दुसरा काही मार्ग आम्हांला येतच नव्हता. तो बंद झाल्यावर शनिवारी संध्याकाळी हातात पिशवी न घेता घरी शिरायचं, तर बोलायचं काय, हा प्रश्न पडायचा.

मग आम्ही मूर्खपणा केला. हिच्यासमोर खाणं बरं दिसत नाही म्हणून बाहेरच खायला लागलो. साइटवरून येताना कचोरी, आणि घरी 'आज फारशी भूक नाही'. ही पाच जणांचा स्वयंपाक करायची, स्वतः चार चमचे खायची, आणि आम्ही ताटावरून लवकर उठायचो. आम्हांला वाटायचं, केवढा हा समजूतदारपणा! जूनमध्ये एका रात्री हिने शर्टाला तेलाचा वास घेतला आणि ताट सरकवून दिलं. "मला भूक लागत नाही, पण स्वयंपाक करताना तुमची भूक बघून तरी बरं वाटायचं. तेही चोरून बाहेर नेलंत. घरात मी आजारी आहे का?"

त्यावर उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी आईने कपाटातून आमच्या मुलाच्या उष्टावणाची चांदीची वाटी आणि चमचा काढला, घासून हिच्या पाटापुढे ठेवला. हिचं जेवण बरोबर त्या वाटीत मावतं. तेव्हापासून नियम असा, की रात्री सगळ्यांनी एकत्र बसायचं. आम्ही पोटभर, ही वाटीभर, आणि हिची वाटी संपेपर्यंत कोणी उठायचं नाही. प्रत्येक घास नीट चावायचा म्हणजे ती वाटी अर्धा तास चालते. त्या अर्ध्या तासात मुलाच्या कॉलेजातल्या किती भानगडी आम्हांला कळल्या, ते वेगळंच.

त्या सुमारास केस गळायला लागले. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात ते होतं, वजन झपाट्याने उतरल्यामुळे, आणि पुढे केस परत येतात. तरी कंगव्यातला गुंता बघून ही घाबरायची. दंडाची कातडी लोंबायला लागली, सगळी पोलकी उसवून शिवली. आरशात ही स्वतःला अजून 112 किलोचीच दिसायची; दारातून आत येताना अंग तिरकं करायची. ती सवय जायला वर्ष लागलं. आणि इथल्या हळदीकुंकवाला कोणी विचारलं, "शुगर फार वाढली का?" कोणी बाजूला घेऊन विचारलं, "दुसरं काही तर निघालं नाही ना?" खोटं आमचंच, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही.

आता हरतालिकेबद्दल सांगतो. ही एकोणीस वर्षं निर्जळी करत आली. त्या वर्षी 30 ऑगस्टला हरतालिका होती, ऑपरेशनला सहा महिने झाले होते. आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलं होतं, पाणी एक दिवसही सोडायचं नाही, एवढ्याशा पोटात राहिलेलं पाणी एका वेळी भरून काढता येत नाही. ही काही बोलली नाही. सकाळी पूजा मांडली, आणि दुपारी अकरा-साडेअकरापर्यंत घोटभरही घेतलं नव्हतं. ओठ सुकलेले. आम्ही आवाज चढवला, तर ही तोंड फिरवून बसली. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, स्वतः निर्जळी. ती उठली, फुलपात्रात पाणी आणलं, आधी स्वतः एक घोट घेतला आणि ते हिच्यापुढे धरलं. म्हणाली, "माझाही मोडला. आता पी." नंतर आम्ही आईला विचारलं, तर म्हणे, "महादेवाचं मी बघून घेईन." आईने आयुष्यात मोडलेला तो एकच उपास.

वर्षाअखेरीस वजन 74 झालं. मधुमेहाची एकच गोळी राहिली, श्वास थांबायचा थांबला. पण दुसऱ्या वर्षी भूक परत आली. तशी ती येते. पहिल्यांदा पोटात कुरकुरलं तेव्हा आम्हांला आनंद झाला आणि ही भीतीने पांढरी पडली, सगळं पुन्हा पहिल्यासारखं होणार म्हणून. चार किलो वाढलेही. आज 78 आहे. रात्री छातीत जळजळ होते, त्याचीही गोळी चालू आहे. आणि गंमत म्हणा किंवा काय म्हणा, वजन वेगाने उतरलं की पित्ताचे खडे होऊ शकतात. हिला ते खरोखर झाले. दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं, तेव्हा लोकांना काय सांगायचं हा प्रश्नच होता, कारण हे कारण आम्ही आधीच वापरून बसलो होतो.

हे भाषण 'तुम्हीही करून घ्या' म्हणून नाही. ते ज्याचं त्याने डॉक्टरांशी बोलून ठरवावं. कोणाच्या घरात करायचं ठरत असेल, तर पेशंटचा तक्ता करताना बाकीच्यांनी संध्याकाळी काय करायचं तेही एकदा बोलून घ्या, एवढंच आमच्याकडे सांगण्यासारखं आहे. आणि आपल्या पंगतीत कोणी ताटावर हात आडवा धरला, तर 'एवढ्याने काय होतंय' म्हणून वाढू नका. आम्हीच या मंडळात वर्षानुवर्षं सगळ्यांत मोठ्याने आग्रह करत आलो, हे माहीत आहे.

आमच्याकडे चतुर्थीला एकवीस उकडीचे मोदक होतात. आता त्यातला एक आई सुपारीएवढा करते, हिच्यासाठी. गूळ जास्त झाला तर हिला घाम फुटतो, छाती धडधडते, म्हणून सारणही बेताचं. पहिल्या वर्षी घरात वाद झाला की एवढासा मोदक एकविसात धरायचा की तो बाविसावा. आईने निकाल दिला, एकविसातच. ही अर्धा खाते आणि अर्धा आम्हांला देते.

ही तिथे मागच्या रांगेत बसली आहे. ज्यांना काही विचारायचं असेल त्यांनी चहाच्या वेळी हिलाच विचारा. आता आम्ही काही लपवत नाही.