आधी नाली, मग रस्ता



मार्च लागला की वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावांत दोन आवाज हमखास कानावर पडतात. एक ऑटोवर बांधलेल्या भोंग्याचा, घरपट्टी-पाणीपट्टी भरा म्हणून फिरणारा. दुसरा सिमेंट कालवणाऱ्या मिक्सरचा. पहिल्याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्याचं कारण असं की 31 मार्च जवळ आलेला असतो, आणि ‘निधी परत जाईल’ या तीन शब्दांच्या धाकानं आपल्याकडे जेवढे रस्ते झाले, तेवढे लोकांच्या मागणीनं झाले असतील असं मला वाटत नाही.

आज बोलायचं आहे ते बार्शीटाकळीसारख्या गावाच्या वर्षाच्या हिशेबाबद्दल. अकोल्याहून वीसेक किलोमीटरवर, विद्रूपा नदीच्या काठचं हे गाव जुनं आहे. इथल्या कालिकादेवीच्या देवळातला शिलालेख शके 1098 चा, म्हणजे साडेआठशे वर्षांपूर्वीचा. या देवळाला आपण सर्रास हेमाडपंती म्हणतो. हेमाडपंत तेराव्या शतकातले, देवगिरीच्या यादवांचे मंत्री. देऊळ त्यांच्याही आधीचं. पण नाव त्यांचं. मंजूर कुणी केलं, बांधलं कुणी आणि पाटी कुणाची, हा प्रश्न तेव्हापासूनचाच म्हणायचा.

तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा द्यायचं धोरण राज्य सरकारनं 2014 साली घेतलं आणि कितीतरी गावं कागदावर शहरं झाली. बार्शीटाकळीही आता नगरपंचायत आहे. सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आले, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी, आणि सतरा प्रभागांचे सतरा नगरसेवक. एक गोष्ट मात्र गेली, तिचा गाजावाजा झाला नाही. ग्रामसभा गेली. वर्षातून निदान चार वेळा कुणीही उठून ‘आमच्या आळीत पाणी का नाही’ असं सगळ्यांसमोर विचारू शकत होतं. त्या सभा भांडणातच संपायच्या, कबूल. पण आधी काय करायचं हे त्या भांडणातून निदान कळायचं तरी. शहरांसाठी कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे. ती भरलेली मी अजून पाहिलेली नाही.

आता नगरपंचायतीचं अंदाजपत्रक हातात घ्या. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च. मागच्या वर्षाचे प्रत्यक्ष आकडे, चालू वर्षाचे सुधारित, पुढच्या वर्षाचे अंदाजित. पुस्तक जाड असतं, पण निवडीला मोकळीक थोडी. 1965 च्या नगरपरिषद कायद्यानं कामांच्या दोन रांगा आधीच लावून ठेवल्या आहेत. दिवाबत्ती, झाडलोट, नाल्या, पिण्याचं पाणी, जन्ममृत्यूची नोंद ही करावीच लागणारी कामं. बागबगीचा वगैरे ऐपतीप्रमाणे. पंधराव्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 या काळात लहान शहरांना जे अनुदान दिलं, त्यातला 60 टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता, आणि उरलेल्या 40 टक्क्यांतून पगार काढायला मनाई होती. म्हणजे दिल्लीनं सांगितलं, मुंबईनं सांगितलं, आधी पाणी आणि नाली. तरी गावात आधी उभी राहते ती स्वागत कमान.

असं का होतं? मला वाटतं, पाइप आणि नाली ही जमिनीखालची कामं आहेत. त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढता येत नाही. हायमास्ट दिवा दोन मैलांवरून दिसतो. आणि यादीत जे बसत नाही, ते विषयपत्रिकेच्या शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या ओळीतून आत शिरतं. सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर. वर्षभराचा खरा प्राधान्यक्रम पाहायचा असेल, तर ठरावांच्या वहीत त्या शेवटच्या ओळीखाली काय काय आलं ते वाचावं.

आपल्या भागात हे आणखी महागात पडतं, कारण पायाखाली काळी माती आहे. शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको: पावसात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जमीन अशी श्वास घेते तेव्हा पाइपाचे सांधे निखळतात आणि वरचा सिमेंट रस्ता तडकतो. म्हणून इथं क्रम चुकवून चालत नाही. आधी पाइप, मग नाली, सगळ्यात शेवटी रस्ता. मी काही वर्षं एका गावात राहिलो, नाव सांगत नाही. आमच्या गल्लीत रस्ता झाला, नारळ फुटला, पेढे वाटले. दीड महिन्यात तोच रस्ता मधोमध फोडून पाइप टाकला. नाली झाली नाही ती नाहीच. उलट रस्ता उंच झाला आणि पावसाचं पाणी शेजारच्या म्हातारीच्या ओट्यावरून थेट चुलीपर्यंत गेलं. तिन्ही कामं मंजूर होती. फक्त क्रम उलटा होता.

दुसरी अडचण तारखांची. सरकारचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, आपलं मृगाला. मृग 7 जूनच्या आसपास निघतो. नाल्या त्याआधी उपसल्या पाहिजेत. मार्चमध्ये टेंडर, मेमध्ये वर्क ऑर्डर, म्हणजे काम नेमकं पावसात. पाण्याचा विचार दिवाळीलाच झाला पाहिजे, पण तो होतो मेमध्ये, जेव्हा ‘महानमध्ये किती टक्के उरलं’ एवढंच सगळे विचारत असतात. महानचं हे काटेपूर्णा नदीवरचं धरण बार्शीटाकळी तालुक्यात, आणि त्याचं पाणी पितं अकोला शहर. उशाशी धरण असलं म्हणजे नळाला पाणी असतंच असं नाही.

आधी काय करायचं हे लोकांना विचारता येतं. पुण्यात 2006 पासून नागरिकांकडून अर्ज घेऊन काही कामं अंदाजपत्रकात धरतात. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरानं हे 1989 मध्ये सुरू केलं. पुण्यात लोक बाकडी आणि पेव्हर ब्लॉक फार मागतात अशी कुरकूर होते. मागू देत. निदान कुणी काय मागितलं ते कागदावर येतं. सतरा प्रभागांच्या गावात तर अर्जाचीही गरज नाही; अंदाजपत्रकाच्या आधी, दिवाळीनंतर, प्रत्येक प्रभागात पारावर एक संध्याकाळ पुरे.

आणि त्या संध्याकाळी एका माणसाला मात्र बोलवावं. मी त्या नाव न सांगितलेल्या गावात असताना अंदाजपत्रकाची सभा पाहायला गेलो होतो. मोठं टेबल, हिरवं कापड, भेळ आणि चहा. चहा घेऊन आलेला माणूस गावचा वॉल्व्हमन. वीस वर्षं खांद्यावर लोखंडी चावी घेऊन पहाटे फिरणारा. कुठल्या गल्लीला किती मिनिटं पाणी आणि कुठला सांधा कधी सुटतो, हे त्याला तोंडपाठ. आत पाणीपुरवठ्याच्या तरतुदीवर चर्चा चालली होती. बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, तुला काही विचारलं का रे?

तो म्हणाला, ‘मले कोन इचारते, भाऊ? इचारलं असतं त सांगतलं असतं. तो नवा रस्ता होऊन राह्यला नं, त्याच्या खालीच लिकेज हाय.’

मिक्सर तेव्हा सुरूच होता.