दारावरून परतलेल्या वैमानिक स्त्रिया



गेल्या पावसाळ्यात काही दिवस जोयड्याला माझ्या भाच्याच्या घरी माझा मुक्काम होता. जोयडा तालुक्यातला पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना अधिक सांगावयास नको. एकदा तो लागला की माणसे घरात जखडली जातात, आणि काळी नदीच्या खोऱ्यातील त्या रानात दुपारी चार वाजताच दिवेलागण झाल्यासारखी वाटते. अशा एका संध्याकाळी, वीज होती तेवढ्या अवधीत, आम्ही ‘मर्क्युरी १३’ नावाचा इंग्रजी अनुबोधपट पाहिला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. माझ्या शेजारी भाच्याची बारा वर्षांची मुलगी बसली होती. तिला इंग्रजी बोलणे भराभर उमगत नव्हते, म्हणून मी मधूनमधून अर्थ सांगत होतो. अनुबोधपट अर्ध्यावर आला असता तिने मला विचारले, ‘‘आजोबा, ह्या बायका परीक्षेत पास झाल्या ना? मग त्यांना नापास कुणी केलं?’’

त्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येईना. आज तेच थोडे विस्ताराने देण्याचा माझा विचार आहे.

या कथेची नायिका जेरी कॉब. तिचा जन्म १९३१ चा, अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातला. वडिलांनी तिला बाराव्या वर्षीच दुहेरी पंखांच्या एका जुन्या विमानात बसवून उड्डाणाचे धडे दिले. अठराव्या वर्षी तिच्या हाती व्यावसायिक वैमानिकाचा परवाना होता. पण परवाना असून काम कोण देणार? विमान कंपन्यांना तेव्हा स्त्रिया हव्या होत्या त्या प्रवाशांच्या सेवेसाठी. तेव्हा कॉबने पुरुष वैमानिक टाळीत असे काम पत्करले. युद्धात वापरून उरलेली विमाने समुद्र आणि पर्वत ओलांडून दक्षिण अमेरिकेत पोहोचवावयाची. तिशी गाठण्यापूर्वी वेगाचे, उंचीचे आणि अंतराचे जागतिक विक्रम तिच्या नावावर जमा झाले होते.

१९५९ साली नासा या संस्थेने आपले पहिले सात अंतराळवीर निवडले. त्यांची वैद्यकीय तपासणी न्यू मेक्सिकोमधील आल्बुकर्क येथे डॉ. रँडॉल्फ लव्हलेस यांच्या संस्थेत झाली होती. या डॉक्टरांच्या मनात एक साधा शास्त्रीय प्रश्न आला. स्त्रीचे वजन कमी, तिला अन्न व प्राणवायू कमी लागतो. मग यानात तीच अधिक सोयीची नव्हे काय? सरकारने त्यांना हे विचारले नव्हते. त्यांनी आपल्या जबाबदारीवर फेब्रुवारी १९६० मध्ये कॉबला बोलावले आणि पुरुषांच्या त्याच चाचण्या तिला दिल्या.

चाचण्या ७५ होत्या. कानात बर्फगार पाणी सोडून माणसाला भोवळ आणावयाची आणि तोल परत यावयास किती वेळ लागतो ते मोजावयाचे. तीन फूट लांबीची रबरी नळी गिळावयास लावून जठरातील आम्ल तपासावयाचे. जागच्या जागी असलेली सायकल दमछाक होईपर्यंत चालवावयाची. या साऱ्यांतून ती पार पडली. पुढे ओक्लाहोमा शहरात याहूनही विलक्षण परीक्षा झाली. काळोख्या, निःशब्द खोलीत पाण्याचा हौद. पाणी इतकेच कोमट की अंगाला ते ऊनही लागू नये, गारही नको. त्यात तरंगत राहावयाचे. डोळ्यांना काही दिसत नाही, कानांना काही ऐकू येत नाही, आणि हळूहळू आपले शरीर कोठे संपते हेही कळेनासे होते. अशा ठिकाणी माणसाला भास होऊ लागतात. कॉब तेथे ९ तास ४० मिनिटे शांतपणे राहिली. वॅली फंक नावाच्या, जेमतेम बाविशीच्या मुलीने त्याहून जास्त, १० तास ३५ मिनिटे काढली.

१९६१ साली लव्हलेस यांनी आणखी वैमानिक स्त्रियांना तपासले. कॉब धरून १३ जणी उत्तीर्ण झाल्या. त्यांतील एक, जेनी हार्ट, आठ मुलांची आई होती! पुढची पायरी फ्लॉरिडातील पेन्साकोला येथील नौदलाच्या केंद्रात व्हावयाची होती. सप्टेंबरात जमावयाचे ठरले. रजा मिळेना म्हणून काहींनी नोकरीचा राजीनामा दिला. आणि निघावयास थोडेच दिवस उरले असताना प्रत्येकीच्या घरी तार आली : कार्यक्रम रद्द. नासाने अधिकृत मागणी केल्यावाचून आपली साधने वापरू देण्यास नौदल तयार नव्हते, आणि नासा मागणी करण्यास तयार नव्हती.

कॉब आणि हार्ट यांनी वॉशिंग्टनचे उंबरे झिजविले. १९६२ च्या जुलैमध्ये प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे दोन दिवस सुनावणी झाली. तेथे पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेले राष्ट्रवीर जॉन ग्लेन साक्षीस होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, पुरुष लढायला जातात, विमाने उडवितात, परत येऊन ती विमाने रचतात आणि तपासतात. या क्षेत्रात स्त्रिया नाहीत ही आपल्या समाजव्यवस्थेची वस्तुस्थिती आहे. स्त्रियांत सर्वप्रथम ध्वनीचा वेग ओलांडणाऱ्या जॅकेलीन कॉक्रन यांनी या चाचण्यांसाठी स्वतःचा पैसा खर्च केला होता, त्याही उलटल्या. मुली लग्न करून निघून जातील, असा त्यांचा युक्तिवाद. मला ग्लेनपेक्षा हीच साक्ष अधिक लागली.

नियम असा होता : उमेदवार जेट विमानांचा चाचणी वैमानिक हवा, आणि अभियांत्रिकीचा पदवीधर हवा. आता सैन्यात स्त्रियांना जेट विमान चालविण्यास बंदी असता चाचणी वैमानिक स्त्री आणावयाची कोठून? उलट ग्लेन यांच्यापाशीही निवडीच्या वेळी पदवी नव्हती. त्यांच्यासाठी ती अट सैल झाली होती. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, नासाने या स्त्रियांना कधी बोलावले नव्हते, वचन दिले नव्हते. आणि नवे यान हाताळण्यास चाचणी वैमानिकच हवा, ही अपेक्षा काही अडाणीपणाची नव्हे. अनुबोधपट पाहून सरकारने त्यांना निवडून मग हाकलले असा समज होण्याचा संभव आहे; तसे घडले नाही. पण भाच्याच्या मुलीला मी जे उत्तर दिले त्यावर मी ठाम आहे : त्यांना परीक्षेने नापास केले नाही, परीक्षेला बसण्याच्या पात्रतेने केले.

पुढल्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, रशियाने व्हॅलेंटिना तेरेश्कोव्हाला ४८ प्रदक्षिणा घडविल्या. ती वैमानिक नव्हती; कापडगिरणीत काम करणारी, हवाईछत्रीने उड्या मारणारी मुलगी होती.

हे परक्या देशातले, जुने झाले असे म्हणून आपणांस सुटता येणार नाही. आपल्याकडे सौदामिनी देशमुख यांनी १९८५ साली कोलकात्याहून सिलचरला विमान नेले. त्यात सारे कर्मचारी स्त्रियाच होत्या. आज भारतात प्रवासी विमाने चालविणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण जगाच्या सरासरीहून पुष्कळ अधिक आहे. तरीही २७ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘गगनयान’साठी निवडलेल्या चौघांची नावे जाहीर झाली तेव्हा त्यांत एकही स्त्री नव्हती. कारण तेच : निवड हवाई दलाच्या चाचणी वैमानिकांतून झाली. लढाऊ विमानांच्या तुकड्यांत आपल्या मुलींना प्रवेशच मुळी २०१६ साली मिळाला, आणि चाचणी वैमानिक घडावयास त्यापुढे कित्येक वर्षांचे उड्डाण लागते. भेद एवढा की आपल्याकडे दाराची कडी काढली गेली आहे. अंतर तोडावयाचे राहिले आहे. ते लवकर तुटावे यासाठी वाट पाहण्यापलीकडे काही केले जात आहे काय, हे विचारण्याचा हक्क जोयड्याच्या मुलीलाही आहे.

जेरी कॉब पुढे कित्येक दशके अ‍ॅमेझॉनच्या अरण्यातील आदिवासींना औषधे व अन्न पोहोचविणारी विमाने चालवीत राहिली. १९९८ साली ७७ वर्षांचे ग्लेन पुन्हा अंतराळात गेले, तेव्हा आपल्यालाही पाठवावे म्हणून तिच्या बाजूने पुष्कळ खटपट झाली. उपयोग झाला नाही. २०१९ च्या मार्चमध्ये ती ८८ व्या वर्षी वारली.

वॅली फंकने मात्र नाद सोडला नाही. नासाकडे अर्ज केले, ते फेटाळले गेले. ती विमान अपघातांची सरकारी तपासनीस झाली, हजारो तास उडाली, शेकडो शिष्य तयार केले. अखेर २० जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, एका खासगी कंपनीच्या यानातून ती अंतराळाच्या सीमेपार जाऊन आली. उड्डाण सुमारे दहा मिनिटांचे. खाली आल्यावर तिची तक्रार एवढीच की वेळ फार थोडा मिळाला. अनुबोधपट त्याआधीचा असल्याने त्यात हे नाही. म्हणून मी ते मुलीला वेगळे सांगितले. १९६१ पासून २०२१ पर्यंत तिने बोटांवर मोजले आणि म्हणाली, ‘‘दहा मिनिटांसाठी साठ वर्षं?’’