अडलेला स्टड काय सांगतो

(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



जुन्या गाड्यांच्या रॅलीत लोकांची नजर चकचकीत बॉनेटवर असते. मला आज त्या बॉनेटखालच्या एका भोकाबद्दल बोलायचं आहे. इंजिन उघडलंय, ब्लॉक धुऊन झालाय, नवा स्टड, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला बिनडोक्याचा बोल्ट, हातात आहे. जाडी बरोबर दिसते. ब्लॉकच्या भोकात दोन-तीन आटे बोटांनी छान जातात आणि मग तो अडतो. पुढच्या मिनिटात मिस्त्री काय करतो, त्यावर त्या इंजिनाचं भवितव्य ठरतं. माझं सांगणं एकच आहे : स्टड अडला की थांबा. पाना लावू नका, आटे पाडणारा टॅप फिरवू नका. स्टड पुन्हा मिळतो. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचा ब्लॉक मिळत नाही.

उदाहरण घेऊ एमजी टीसीचं. 1945 ते 1949 या काळातली ही देखणी दोन-आसनी गाडी. तिचं एक्सपीएजी इंजिन 1250 सीसीचं. गाडी अस्सल इंग्लिश, नटबोल्टांच्या डोक्यांवर व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचा पाना घट्ट बसतो. मग आटेही ब्रिटिशच असणार, असं कुणालाही वाटेल. मिस्त्री म्हणतो, अडीच सूत, म्हणजे पाच सोळांश इंच, आणि बीएसएफ या बारीक ब्रिटिश आट्यांचा स्टड आणतो. तो जात नाही, कारण या इंजिनाचे आटे मेट्रिक आहेत.

इंग्लिश इंजिनात मिलिमीटर आले ते फ्रान्समधून. हॉचकिस या फ्रेंच शस्त्रास्त्र कंपनीने पहिल्या महायुद्धात कॉव्हेन्ट्रीला कारखाना काढला होता. युद्ध संपलं, कारखान्याला काम हवं होतं आणि विल्यम मॉरिस यांना मोटारींसाठी इंजिनं हवी होती. यंत्रं फ्रेंच मापांची, त्यामुळे आटे मेट्रिकच पडत. पण इंग्लंडच्या गॅरेजांत पाने होते व्हिटवर्थचे. म्हणून आटे मेट्रिक राहिले आणि षटकोनी डोकी व्हिटवर्थच्या मापाची झाली. 1923 साली मॉरिस यांनी तो कारखानाच विकत घेतला आणि ही रीत पुढे तीस वर्षं चालली. मॉरिसच्या घराण्यातल्या एमजीकडे ती तशीच आली. पाना बसला म्हणून आटे ओळखले, असं धरून चालता येत नाही ते यामुळे.

बरं, मेट्रिक आहे हे कळलं, तरी काम संपत नाही. आज दुकानात आठ मिलिमीटरचा स्टड मागितला, तर सव्वा मिलिमीटर पिचचा, म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांत तेवढं अंतर असलेला, मिळतो. या इंजिनात आठ मिलिमीटरला एक मिलिमीटर पिच आहे. तोही अडतो. मग कुणीतरी जीपच्या डब्यातला अडीच सूत यूएनएफ, म्हणजे बारीक इंची आट्यांचा, स्टड काढतो. त्याला इंचाला 24 आटे, भोकात इंचाला 25.4. इतकं जवळ, की सुरुवातीला तो आपलाच वाटतो. पण दर फेऱ्याला जवळजवळ सहा शतांश मिलिमीटर फरक पडत जातो. पाच फेऱ्यांत तो तीन दशांशाच्या घरात जातो आणि आट्यांमधली मोकळीक संपते. इथे लांब पाना लावला, की पोलादी स्टड बिडाचे आटे सोलत आत जातो. स्टड बसला असं वाटतं, पण भोक कायमचं गेलेलं असतं.

अडणाऱ्या स्टडपेक्षा मला न अडणाऱ्या चुकीच्या स्टडची जास्त भीती वाटते. जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 मध्ये ब्रिटिश आट्यांना 55 अंशांचा कोन ठरवून दिला. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी 1864 मध्ये 60 अंश मांडले. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांचे नटबोल्ट एकमेकांना चालेनात, म्हणून युद्धानंतर 1948 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी 60 अंशांचे सामाईक आटे मान्य केले. आता तीन सुताचा व्हिटवर्थ आणि या सामाईक आट्यांतला तीन सुताचा जाड यूएनसी, दोघांनाही इंचाला 16 आटे. एक दुसऱ्यात बऱ्याचदा जातोही. पण कोन वेगळा, त्यामुळे आट्याची पूर्ण बाजू टेकत नाही, कडा तेवढ्या टेकतात. सिलिंडर हेडच्या ताणाखाली असा जोड भरवशाचा नसतो.

मग ओळखायचं कसं? भोकातून निघालेला मूळ स्टड कधीही फेकू नका. पिच गेजचं पान त्याच्या आट्यांत बसवून उजेडासमोर धरा, फट दिसता कामा नये. गेज नसेल, तर माहितीतला एक बोल्ट त्याच्या शेजारी आडवा धरून दोघांचे आटे एकमेकांत बसवा. इंचभर लांबीत उजेडाची एकही रेघ दिसली नाही, तर पिच जुळली. मूळ स्टड हरवला असेल, तर मऊ लाकडाची काडी भोकाच्या भिंतीवर दाबा आणि तिच्यावर उठलेल्या रेघा मोजा.

स्टडची दोन्ही टोकंही पाहा. अनेक इंजिनांत ब्लॉककडचे आटे जाड आणि नटाकडचे बारीक असतात, कारण बिडाला जाड आटे मानवतात. उलटा धरलेला स्टड अडणारच. ब्लॉककडचं टोक मुद्दाम किंचित घट्टही बनवलेलं असतं. ते शेवटपर्यंत बोटांनी जाणार नाही आणि तो दोष नव्हे. पिच जुळल्याची खात्री झाल्यावर तसा स्टड दोन नट एकमेकांवर आवळून सावकाश बसवतात. आणि भोक बंद बुडाचं असेल, तर तळाचं तेल, पाणी, गंज आधी काढा. तेल दाबता येत नाही. स्टड रेटला, तर ब्लॉकला चीर पडते. साफ करायला कापणारा टॅप वापरू नका, आटे फक्त स्वच्छ करणारा चेसर वापरा.

आधीच कुणी चुकीचा टॅप फिरवलेला असेल, तरी इलाज आहे. त्याच पिचचं हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवता येतं किंवा चांगला लेथवाला खाली जाड, वर मूळ मापाचा असा पायरीचा स्टड करून देतो. मला पायरीचा स्टड जास्त पसंत आहे.

शेवटी एक विनंती. आपल्या गावांतली जुनी वर्कशॉपं बंद होताहेत आणि बीएसएफ, व्हिटवर्थचे टॅप, डाय, पिच गेज किलोवर भंगारात जाताहेत. तुमच्या घरी, माळ्यावर, आजोबांच्या पेटीत असे संच असतील, तर विकू नका. जुनी इंजिनं दुरुस्त करणाऱ्या जवळच्या मिस्त्रीला किंवा आयटीआयला ते द्या.