संगणकाचा वेग व त्याची मर्यादा

(वाशिम येथील वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



आपल्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून आम्ही आज आपणांपुढे उभे आहोत. विषय वडीलधाऱ्यांस नवा वाटेल. परंतु ज्यांनी वैशाखात भरली गाडी हाकली आहे, त्यांस त्यातील मर्म सहज उमगेल. संगणकाचा प्रोसेसर कारखान्याने नेमून दिलेल्या वेगाहून अधिक वेगाने चालविणे, यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. ते कोठवर सुरक्षित, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम आमची चूक सांगतो. गेल्या मार्गशीर्षात वसतिगृहातील एका हुशार मुलाने तेथील संगणकाचा वेग वाढविला. अर्धा तास यंत्र निर्वेध चालले आणि आम्ही सर्वांनी त्याची पाठ थोपटली. पुढे वैशाखात शिष्यवृत्ती-निधीच्या हिशेबाची जी संकुचित प्रत त्या यंत्रावर तयार करून ठेविली होती, ती उघडेना. कोषाध्यक्षांची हातची वही होती, म्हणून लाज राखली गेली. मुलाची मान खाली गेली. पण दोष आमचा होता. वेग किती वाढला, हे आम्ही विचारले. कसोटी कोणती लावली, हे विचारले नाही.

असे का घडले? प्रोसेसरचा मूळ ठोका बहुधा १०० मेगाहर्ट्झचा असतो. त्यास ४५ने गुणले की ४.५ गिगाहर्ट्झ वेग होतो. गुणक वाढविला की वेग वाढतो. पण त्या वेगास टिकण्यासाठी व्होल्टेजही वाढवावे लागते. चिपचा वीजवापर वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही १० टक्क्यांनी वाढविली, तर उष्णता सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. काम मात्र फार तर १० टक्के अधिक होते. हा सौदा ज्याचा त्याने तोलावा.

त्यात आपला प्रदेश विदर्भाचा. चिपवरील पंखा तिला खोलीच्या हवेहून थंड करू शकत नाही. मार्गशीर्षात खोली २२ अंशांवर असताना चिप ७६ अंशांवर असेल, तर वैशाखात ४० अंशांच्या खोलीत तीच चिप ९४ अंशांच्या घरात जाते. अनेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. तेथे पोहोचताच ते आपणहून वेग कमी करतात. मात्र वाढविलेल्या वेगावर चिप त्याआधीच गणितात चुकू शकते, आणि ती चूक ओरडून सांगत नाही. म्हणून हिवाळ्यात सापडलेली मर्यादा ही मर्यादाच नव्हे.

आता रीत सांगतो. वेग वाढविण्याची मुभा प्रत्येक प्रोसेसरला नसते. इंटेलच्या नावापुढे बहुधा ‘के’ अक्षर असावे लागते. अशा प्रयोगाने झालेली हानी हमीत सहसा बसत नाही, हे आधी घरच्यांस सांगावे. महत्त्वाच्या हिशेबाची प्रत दुसरीकडे ठेवावी. मूळ वेगावर, पूर्ण भार देऊन, खोलीचे व चिपचे तापमान वहीत लिहावे. नंतर बायोसमध्ये गुणक एकेकाने वाढवावा आणि प्रत्येक पायरीवर प्राइम९५सारखी कसोटी अर्धा तास चालवावी. ती आपली उत्तरे ज्ञात उत्तरांशी ताडून पाहते. एकही चूक आढळली, की दोन पायऱ्या मागे यावे. तेथे भर दुपारी अनेक तास कसोटी घ्यावी, आणि वैशाखात पुन्हा घ्यावी. व्होल्टेजला शक्यतो हात लावू नये. त्याच्या अतिरेकाने चिपला कायमची इजा होते. २०२४ साली इंटेलने आपल्या १३व्या व १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत वाढीव व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचे मान्य केले आणि हमीची मुदत २ वर्षांनी वाढविली. कारखान्याची जेथे अशी गत, तेथे आपण किती जपावे!

तरुण मित्रांनो, आम्ही तुमचा उत्साह मोडू इच्छीत नाही. वाशिम ज्या अकोला जिल्ह्यातून १९९८ साली वेगळा झाला, त्याच जिल्ह्यातील मुरंबा गावी डॉ. विजय भटकर यांचा जन्म झाला. त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्याचे सामर्थ्य एका प्रोसेसरला चाबूक मारून आलेले नव्हते. अनेक प्रोसेसर एकाच कामास जुंपून ते आले होते. एका बैलावर सारा भार न टाकता जोडी जुंपावी, हे आपल्या वाडवडिलांसही ठाऊक होते.

त्या मुलाने आता यंत्र मूळ वेगावर आणून तापमानाची वही सुरू केली आहे. येत्या वैशाखातील आकडे तो स्वतः आपणांपुढे वाचून दाखवील. तेव्हा त्याची पाठ थोपटावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.