‘फिरत जा’ एवढ्याने भागणार नाही
(संस्थेच्या आरोग्य शिबिरात दिलेले भाषण)



डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली आपल्या या शहरात महाविद्यालय सुरू केले. पुढे १९५६ साली, वयाच्या अवघ्या ६५व्या वर्षी ते आपल्यातून गेले. अखेरच्या वर्षांत मधुमेहाने त्यांचे शरीर पोखरले होते. आज देशात या आजाराचे रुग्ण १० कोटींहून अधिक असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते.

आपल्या आई-वडिलांनी शेतात, गिरणीत, बांधकामावर घाम गाळला. त्यांच्या कष्टामुळे आपण शिकलो आणि खुर्चीवर बसलो. हे भूषणावहच आहे. परंतु खुर्चीबरोबर बैठेपणही आले. २०२२ साली भारतातील सुमारे निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नव्हते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के होते.

डॉक्टर सांगतात, “रोज फिरत जा.” रुग्ण मान डोलावतो, गोळ्या घेतो आणि फिरणे राहून जाते. कुठे, किती, कोणाबरोबर, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

इंग्लंडमध्ये १९९०च्या दशकात डॉक्टर अशा रुग्णांना चिठ्ठी देऊन व्यायाम केंद्रात पाठवू लागले. चिठ्ठी मिळाली तरी कित्येक जण गेलेच नाहीत, गेलेल्यांपैकी पुष्कळांनी मध्येच सोडले. २००७ साली संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा १७ जणांना पाठवावे तेव्हा एक माणूस पुरेसा हालता होतो असे दिसले. योजना वाईट नव्हती. पण नुसत्या चिठ्ठीने माणूस चालत नाही, हा त्यातला धडा आहे.

आपल्याकडे पहिली पायरी तयार आहे. आशाताई ३० वर्षांवरील प्रत्येकाचा तक्ता भरतात. त्यात कमरेचा घेर, तंबाखू-दारू, घरातील आजार आणि आठवड्याला १५० मिनिटे हालचाल होते का, हे विचारतात. गुण ४ पेक्षा जास्त झाले, तर तपासणीसाठी आधी बोलावतात. तपासणीनंतरचा दुवा आपल्या संस्थेने जोडावा, अशी माझी विनंती आहे.

त्यासाठी चार गोष्टी कराव्यात. पहिली, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘व्यायाम करा’ असे मोघम न लिहिता दिवस, वेळ, जागा आणि सोबत्याचे नाव लिहून घ्यावे. दुसरी, जागा घराजवळची व फुकटची हवी. विहाराचे आवार पुरे आहे. भगिनींसाठी त्यांच्या सोयीची वेगळी वेळ ठेवावी. तिसरी, सुरुवात १० मिनिटांनी करून हळूहळू वाढवावे. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतका वेग पुरे. छातीत दुखले, चक्कर आली किंवा फार दम लागला, तर थांबून तत्काळ दवाखाना गाठावा. इन्शुलिन घेणाऱ्याने खिशात साखर ठेवावी, मधुमेह्याने अनवाणी चालू नये. चौथी व सर्वांत महत्त्वाची, वही ठेवावी. जो दोन दिवस आला नाही, त्याच्या घरी तिसऱ्या दिवशी कोणी तरी जावे. रागावायला नव्हे, विचारपूस करायला. १२ आठवड्यांनी पुन्हा वजन, घेर, रक्तदाब व साखर पाहावी.

विद्यार्थी मित्रांनो, वही सांभाळण्याचे काम तुमचे. आठवड्यातून दोन सकाळी द्या. ज्यांनी तुमच्या फीसाठी पोटाला चिमटा घेतला, त्यांच्यासाठी एवढे करणे जड नाही.

भगवान बुद्धांनी अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे, म्हणजे चालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत: प्रवास झेपतो, प्रयत्नाला बळ येते, आजार कमी होतात, अन्न पचते आणि चित्ताची एकाग्रता टिकते. भिक्खू चालत होते म्हणून धम्म दूरवर पोहोचला. आपल्याला तर विहारापर्यंतच चालायचे आहे. येताना शेजाऱ्याला हाक मारा, म्हणजे झाले.

जयभीम! नमो बुद्धाय!