रिपोर्टमधले एक नाव

मागे एक गृहस्थ आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आले. त्यावर ‘फॅक्टर फाइव्ह लीडन’ असे लिहिले होते. कुणीतरी काहीबाही सांगितल्याने घरात सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते. “डॉक्टर, हिला लिव्हरचा कॅन्सर होणार का हो?”

लीडन हे हॉलंडमधले गाव. रक्त गोठवणाऱ्या पाचव्या घटकाच्या जनुकातला हा बदल १९९४ मध्ये तिथे सापडला. गोठण्याला वेळेवर लगाम घालणारे ‘प्रोटीन सी’ या बदललेल्या घटकाला नीट आवरू शकत नाही. म्हणून गुठळीचा संभव वाढतो. पण असा बदल असलेल्या बहुतेकांना जन्मभर काहीही होत नाही.

क्वचित ही गुठळी यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांतच होते. हा बड-किआरी विकार. अशा रुग्णांत लीडन बदल लक्षणीय प्रमाणात असल्याचे मुंबईच्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवले. रक्त तुंबते, यकृत सुजते, वर्षानुवर्षांनी कठीण होते. आणि यकृताचा कर्करोग बहुधा अशा कठीण यकृतातच उगवतो. इतका लांबचा हा रस्ता! हेपॅटायटिस बी, सी आणि दारू यांचे रस्ते त्याहून कितीतरी वाहते.

मुलीची सोनोग्राफी केली. शिरा मोकळ्या होत्या. बी ची लस राहिली होती, ती सुरू केली. गर्भनिरोधक गोळ्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, हे तिला एकटीला बसवून सांगितले. धाकट्या भावाचीही तपासणी करायची का, यावर मात्र त्यांच्या घरात अजून वाद आहे. मी म्हटले, घाई नको.